डबा तसाच परत येतो, इन्चार्ज सगळ्यांसमोर बोलते, सोडू का नोकरी?

अगं, तुझं सगळं दोनदा वाचलं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून चार महिने झाले, पुण्यात १२० बेडच्या खाजगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला लागलीस, मॉर्निंगला दोघींमध्ये २४ पेशंट आणि नाईटला कधी कधी एकटीच, डबा भरलेलाच हॉस्टेलवर परत येतो, बाथरूमला जायला मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीस, इन्चार्ज पेशंटसमोर "तुला पास कोणी केलं गं" म्हणते, आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा. तुझे प्रश्न तीन: सगळीकडे असंच असतं का, मीच कमी पडतेय का, आणि सोडू का.

मी २३ वर्षं या लाईनमध्ये आहे, स्टाफ नर्स, मग वॉर्ड इन्चार्ज, आता सुपरवायझर. पहिल्याचं उत्तर, बऱ्याच ठिकाणी असतं, सगळीकडे नसतं. दुसऱ्याचं, नाही. चार महिन्यांच्या मुलीकडे १२ पेशंट, त्यात चार इन्सुलिनवाले, एक ब्लड चालू, दोन डिस्चार्ज आणि खालून कॅज्युअल्टीचा फोन की नवीन ॲडमिशन पाठवतोय, यात कोणीही कमी पडेल, मी पण पडेन. तिसऱ्याचं शेवटी सांगते कारण त्यात सर्टिफिकेटची भानगड आहे आणि ती रागाच्या भरात सोडवायची नसते.

पहिलं काम पाण्याचं. आजपासून पाणी प्यायला लाग. माझ्या बॅचमधल्या निम्म्या जणींना पहिल्या दोन वर्षांत युरिन इन्फेक्शन होऊन गेलं, एकीला तर किडनीपर्यंत गेलं आणि ती स्वतःच्याच वॉर्डात ॲडमिट होती पाच दिवस, हातात तिच्याच मैत्रिणीने लावलेलं सलाईनचं इंट्राकॅथ. आम्ही तेव्हा हसलो होतो त्यावर. आता हसायला येत नाही.

आता ब्रेकचं. तू लिहिलंयस "मी दोनदा विचारलं, जेवायला जाऊ का, तर इन्चार्ज म्हणाल्या, पेशंट कोण बघणार". बघ, त्यांनी तुला खडूसपणे का होईना पण बरोबर प्रश्न विचारला आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. आपल्याकडे ब्रेक म्हणजे परवानगी असं नवीन मुलींना वाटतं, शाळेत बाई जाऊ का विचारतात तसं. ब्रेक हा छोटा ओव्हर असतो, म्हणजे पेशंटची माहिती सांगून त्यांची जबाबदारी दुसरीकडे सोपवणं. आठ वाजता नाईटकडून ओव्हर घेतेस ना, तसाच वीस मिनिटांचा ओव्हर कोणाला तरी नाव घेऊन द्यायचा आणि परत येऊन घ्यायचा. "जाऊ का" विचारलं की समोरच्याला नाही म्हणायला सोपं जातं. त्याऐवजी तुझ्या जोडीच्या सिस्टरला असं सांगायचं, "मी साडेदहा ते दहा पन्नास खाली आहे, सात नंबर बेडचं ब्लड सुरू होऊन अर्धा तास झालाय, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) नॉर्मल, नऊ नंबरची सलाईन अकरा वाजेपर्यंत जाते, बारा नंबरच्या नातेवाईकांना बिल क्लिअर झाल्याशिवाय फाईल द्यायची नाही, मी आले की तू जा, तुझे मी बघते." मग इन्चार्जला फक्त कळवायचं की अमुक जाते, तमुक बघतेय. शंभरातल्या सत्तर वेळा हे चालतं. तीस वेळा नाही चालणार, त्याचं पुढे सांगते.

आणि वेळ सकाळीच ठरवायची. बारा वाजता भूक लागल्यावर वेळ शोधायला गेलीस तर मिळणारच नाही, कारण बाराला औषधं असतात, एकला डिस्चार्जवाले टीपीएच्या, म्हणजे विम्याच्या अप्रूव्हलसाठी काउंटरवर उभे असतात आणि पावणेदोनला इव्हनिंगची मुलगी ओव्हरला येते. मॉर्निंगला खरी फट असते ती आठची इंजेक्शनं, व्हायटल्स आणि मोठा राऊंड संपला की, म्हणजे साधारण साडेदहा ते अकराच्या मध्ये. इव्हनिंगला पाचच्या आसपास, सहाच्या औषधांच्या आधी आणि व्हिजिटर भरायच्या आत. नाईटला बाराचे अँटिबायोटिक संपले की एक ते अडीच, कारण पाचनंतर सँपल, बेड, इनटेक-आउटपुटचं टोटल, कोणाला ऑपरेशनची तयारी, मग काही खरं नाही. तुझ्या वॉर्डाच्या वेळा थोड्या वेगळ्या असतील, एक आठवडा नुसतं बघ कधी कॉलबेल कमी वाजतात, डायरीत लिही, तुझी फट तुला सापडेल.

कधी जायचं नाही हे पण सांगते, नाहीतर माझं नाव घेऊन जाशील आणि गोंधळ होईल. ब्लड सुरू केलं की पहिली पंधरा मिनिटं बेडजवळून हलायचं नाही, रिॲक्शन यायची तर बहुतेक तेव्हाच येते. कोणतंही आयव्ही अँटिबायोटिक आयुष्यात पहिल्यांदा दिलं असेल तर लगेच नाही. नवीन ॲडमिशनचे पहिले व्हायटल्स झाल्याशिवाय नाही. आणि अर्धं भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवून तर कधीच नाही, ते दुसरीला "देऊन टाक" असं सांगून पण नाही, जिने भरलं तिनेच द्यायचं.

इन्चार्जला पटवायचं असेल तर "मला भूक लागली" यापेक्षा हे सांग. माझी दुसऱ्या वर्षाची गोष्ट. इव्हनिंग केली, नाईटवाली आलीच नाही म्हणून नाईट पण मीच, दुपारी दोनपासून सकाळपर्यंत पोटात दोन बिस्किटं. पहाटे इन्सुलिन भरत होते. आपल्याकडे दोन ताकदीची इन्सुलिनं येतात हे तुला माहिती आहे, ४० युनिटवाली व्हायल आणि १०० युनिटवाली, आणि सिरिंज पण दोन, लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. त्या पेशंटची व्हायल १०० ची होती, नातेवाईकांनी बाहेरून आणलेली, आणि मी हात घातला तो लाल टोपीच्या सिरिंजला. दहाच्या रेघेपर्यंत भरलं. म्हणजे किती झालं सांग? पंचवीस युनिट. अडीच पट. आमच्या वॉर्डातल्या मावशी झाडू टेकवून म्हणाल्या, "सिस्टर, तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं, आधी बसा, चहा घ्या." मी वैतागूनच बसले, ट्रे समोर ठेवला, चहाचे दोन घोट पोटात गेले आणि ट्रेमधली ती लाल टोपी दिसली. नुसती दिसली. आधी पण तिथेच होती, पण उपाशी डोक्याला दिसली नव्हती. त्या मावशी नसत्या तर सकाळी काय झालं असतं याचा विचार मी अजून करते, आणि चौथी शिकलेल्या त्या बाईने मला जे शिकवलं ते तीन वर्षांच्या जीएनएममध्ये कोणी शिकवलं नाही. अमेरिकेत २००४ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, साडेबारा तासांच्या वर ड्यूटी गेली की नर्सकडून चूक होण्याची शक्यता साधारण तिप्पट होते असा. मला तो खूप नंतर वाचायला मिळाला, पण लाल टोपीने आधीच सांगितलं होतं.

तर इन्चार्जशी बोलताना पेशंटच्या बाजूने बोल. त्यांना ते ऐकावंच लागतं.

आता ते तीस वेळांचं. नाईटला एकटी असशील तर ओव्हर देणार कोणाला? भिंतीला? अशा वेळी नाईट सुपरवायझरला अकरा-साडेअकरालाच फोन करायचा, दोन वाजता नाही, की एक ते दीडमध्ये रिलीव्हर लागेल, शेजारच्या वॉर्डातून कोणी येईल का. नाही मिळालं तर नाईट रिपोर्ट बुकात लिहायचं. नवीन मुली या वहीला फक्त पेशंटची वही समजतात. अगं ती रोज सकाळी मेट्रनच्या टेबलावर जाते. त्यात एक ओळ, "पेशंट २२, स्टाफ १, रिलीव्हर मागितला ११.३० वाजता, उपलब्ध झाला नाही." बस. "खूप त्रास झाला", "अन्याय", "कोणी लक्ष देत नाही" असलं काही नाही, एकही विशेषण नाही. अशा आठ-दहा ओळी महिन्याभरात जमल्या की उद्या काही उलटसुलट झालं तर तुझ्या बाजूने बोलणारा कागद तोच असतो, आणि मॅनेजमेंटला पण ते कळतं, एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेचं) ऑडिट तोंडावर असेल तर जरा जास्तच लवकर कळतं. इन्चार्ज म्हणेल असं लिहायची काय गरज होती. तर शांतपणे म्हणायचं, मॅडम, सुपरवायझरना फोन केला होता तेवढंच लिहिलंय.

कायद्याचं विचारलंस म्हणून सांगते, पण यावर फार उड्या मारू नकोस. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा जो २०१७ चा कायदा आहे त्यात हॉस्पिटलं पण येतात, आणि मूळ कायद्यात असं होतं की दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांच्या वर काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दराने पैसे. तासांच्या आकड्यांत नंतर बदल केलेत, म्हणून बोलायच्या आधी आजची आवृत्ती काढून बघ. पण मधली सुट्टी ही कोणाची मेहेरबानी नाही एवढं डोक्यात पक्कं असू दे. पगाराचं पण तसंच, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला कमिटी नेमायला सांगितलं होतं, त्या कमिटीने म्हटलं की २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत असेल तरी २० हजारांच्या खाली नाही. तुझं हॉस्पिटल १२० बेडचं, आता तुझी पे स्लिप काढून बघ आणि रडू नकोस. शिफारशी आहेत, राज्यांनी अंमलात आणायच्या होत्या, पुढे काय झालं ते तुझ्या पे स्लिपवर छापलेलंच असेल. ब्रेक न मिळण्याचं मूळ पण इथंच आहे गं. पगार कमी म्हणून मुली टिकत नाहीत, टिकत नाहीत म्हणून स्टाफ कमी, कमी म्हणून राहिलेल्यांवर डबल ड्यूट्या, म्हणून त्याही जातात. नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्ममध्ये रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा स्टाफ धरायला सांगितलाय, तो जादा स्टाफ म्हणजे तूच, ऑफच्या दिवशी फोन करून बोलावलेली.

आता इन्चार्जच्या बोलण्याबद्दल. इथं मी जरा दोन्ही बाजूंनी बोलणार आहे कारण मी त्या खुर्चीत बसलेय. ओरडणं दोन प्रकारचं असतं. एक, तू पोटॅशियम क्लोराईड डायल्यूट न करता भरायला घेतलंस आणि कोणीतरी किंचाळलं "थांब!", तर ते ओरडणं डोक्यावर घे, त्याने माणूस वाचतो, त्यात मान-अपमान काढायचा नाही. दुसरं, "तुला पास कोणी केलं", "गावाकडून येतात आणि", रंगावरून, भाषेवरून, आडनावावरून. यातून तू काहीच शिकत नाहीस, फक्त पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतेस, आणि वॉर्डात लपवलेल्या चुकीएवढं घातक काही नाही. फरक ओळखायची माझी सोपी खूण, ओरडून झाल्यावर त्या तुला बरोबर पद्धत दाखवतात का? दाखवत असतील तर कडक आहेत, शिकून घे. नुसतं बोलून निघून जात असतील तर तो त्रास आहे.

पहिल्यांदा एकटं बोलायचं, त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी त्यांचा राऊंड संपल्यावर चहाच्या वेळेला. मी एका मुलीला हे वाक्य पाठ करून दिलं होतं: "मॅडम, काल चूक माझी होती, पण तुम्ही पेशंटसमोर बोललात तर तो आता माझ्या हातून इंजेक्शन घ्यायला घाबरतोय, मला आत बोलावून सांगाल का." त्या इन्चार्जने तिला काही उत्तर दिलं नाही. पण पुढच्या वेळी ट्रीटमेंट रूममध्ये नेऊन बोलली. आवाज तेवढाच मोठा होता म्हणे, पण दार लावलेलं होतं, हेही काही कमी नाही.

आणि कबुली देते. मी इन्चार्ज असताना एका ज्युनिअरला वॉर्डाच्या मधोमध उभं करून झापलं होतं, ओव्हर सोडून पॅन्ट्रीत बसून पोळी खात होती म्हणून. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी पुढच्या आठवड्याचं रोस्टर करायला बसले तर दिसलं की तिची ती सलग सहावी नाईट होती, आणि ते रोस्टर माझ्याच हाताने केलेलं. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, ती पण चारचौघांत, कारण झापलं चारचौघांत होतं. त्यानंतर मी असाइनमेंट शीटवर पेशंटच्या नावांशेजारी एक कॉलम वाढवला, कोण किती वाजता जाणार आणि तिचे पेशंट कोण बघणार. पेन्सिलने लिहायचे कारण वेळा सरकतातच. तुझ्या वॉर्डात असा कॉलम नसेल तर तू आणि तुझ्या जोडीची, दोघींनी तुमच्या कागदावर सुरू करा, परवानगी लागत नाही त्याला.

डॉक्टर ओरडले तर वेगळं. फोनवरची ऑर्डर असेल तर ऐकलेलं परत वाचून दाखवायचं, औषध, डोस, वेळ, आणि राऊंडला आले की सही घ्यायची, मग "मी असं म्हणालोच नव्हतो" ला जागा राहत नाही. नातेवाईक अंगावर आले तर हिरो व्हायचं नाही, मागे सरकायचं, सिक्युरिटी आणि आरएमओला (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला) बोलवायचं. राज्यात २०१० चा कायदा आहे वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्ध, त्यात नर्सेस पण येतात, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. पण गुन्हा नोंदवताना हॉस्पिटल तुझ्यासोबत उभं असेल तर सोपं जातं, म्हणून घटना झाली त्याच शिफ्टला इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा, उद्यावर टाकायचा नाही.

आणि कोणी, डॉक्टर असो, ब्रदर असो, ॲडमिनचा असो, हात लावणं, घाणेरडं बोलणं, रात्री मेसेज, यातलं काही करत असेल तर इन्चार्जपाशी अडकून बसू नकोस. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली असायला हवीत, उद्या जाऊन शोध कुठे लावलीत. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात १९७३ साली तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत होत्या. पुढची जवळजवळ ४२ वर्षं, २०१५ मध्ये जाईपर्यंत, तिथल्याच सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं. म्हणून मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते, चेंजिंग रूमला आतून कडी आहे का ते पहिल्या दिवशी बघायचं, नसेल तर लेखी मागायची.

जातीवरून कोणी बोललं तर त्याला ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, १९८९ चा, तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं ते लिहून ठेव. "चेष्टा होती गं" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

हां, आता सोडू का. दोन महिने वर सांगितलेलं करून बघ, दोनच. या दोन महिन्यांत जर एकदाही कोणी तुझे पेशंट बघितले नाहीत, रिपोर्ट बुकातल्या ओळींवर कोणी विचारलं नाही, आणि तू ड्यूटीला निघताना रोज पोटात गोळा येतोय, झोप उडालीय, तर सोड. एक वर्ष काढलंच पाहिजे असं सगळे सांगतात कारण अनुभवाच्या दाखल्यावर वर्ष बरं दिसतं, ते खरं आहे, पण मी एका ठिकाणी सात महिन्यांत सोडलं होतं आणि माझं काही अडलं नाही. आणि जर कधी घरी बसून जीव द्यावासा वाटला, असा विचार एकदा जरी आला, तर दोन महिने वगैरे विसर, त्याच दिवशी घरी सांग आणि डॉक्टरला भेट. आपण पेशंटला हेच सांगतो ना.

पण सोडायच्या आधी सर्टिफिकेट. ओरिजिनल मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन हे तुझे आहेत, पडताळून झेरॉक्स ठेवायची आणि परत द्यायचं एवढंच कोणाचंही काम. नोकरी मध्येच सोडता येऊ नये म्हणून घेतात त्या बाँडच्या पद्धतीविरुद्ध नर्सिंग कौन्सिलचं परिपत्रक आहे, बऱ्याच एचआरवाल्यांना ते माहिती असतं आणि तुला माहिती नाही हे पण माहिती असतं. राजीनाम्याचं नाव न काढता आधी साधा अर्ज दे, सरकारी भरतीसाठी कागदपत्र पडताळणी आहे, ओरिजिनल लागतील. अधिपरिचारिकेच्या जागा महापालिका, जिल्हा परिषद, डीएमईआर (राज्याचं वैद्यकीय शिक्षण खातं) कुठेतरी निघतच असतात आणि खरंच भर फॉर्म, खोटं बोलू नकोस. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घे. शिक्का देत नसतील तर ईमेल कर. पंधरा दिवसांत नाही दिली तर स्मरणपत्र, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि कामगार आयुक्तांच्या ऑफिसला प्रत. बहुतेक वेळा "प्रत" हा शब्द वाचूनच फाईल सापडते. कागद हातात आले की मग नोटीस पिरियडचा राजीनामा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला दोन्ही घेऊनच बाहेर पड, एक दिवसही न सांगता घरी बसू नकोस, नाहीतर ॲब्स्काँडिंग लिहून मोकळे होतात.

उद्या तुझी मॉर्निंग आहे म्हणालीस. भाजी-पोळीचा डबा राहू दे, तो खायला अर्धा तास लागतो आणि तेवढा उद्या मिळणार नाही. एका छोट्या डबीत शेंगदाणे-गूळ, एक केळं, पाण्याची बाटली मेडिसिन रूमच्या कपाटात. आणि पावणेआठला ओव्हर घेतानाच जोडीच्या मुलीला विचार, साडेदहा तुझे की अकरा.